मापाचा माणूस

मेलबर्नच्या पश्चिम टोकाला, टार्निटमध्ये, ऑगस्ट लागला की ओढ्याकाठचे वॉटल फुलतात. वॉटल म्हणजे आपल्या बाभळीच्या भावकीतलं झाड, काटे तेवढे नाहीत. तीच पिवळी गोंडेदार फुलं, तोच धुळकट गोडसर वास. हिवाळा अजून सरलेला नसतो, माळावरचा वारा कानशिलं सोलत असतो आणि हे झाड पिवळंधमक होऊन उभं राहतं. इथले लोक म्हणतात, वॉटल आला, आता थंडीचे दिवस थोडे राहिले. काहींना नुसत्या शिंका येतात. मला तो एक हिवाळा आठवतो, ज्यात माझे बाबा पुण्यात बसून माझ्या टार्निटच्या घराचं चित्र काढत होते. घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

पाहायला येणारच होते ते. एप्रिलचं तिकीट होतं. व्हिसा झाला होता, आयुष्यात पहिल्यांदा थर्मल बनियन विकत घेतले होते आणि बॅगेत कपड्यांच्या आधी पेनं, पट्ट्या आणि शाईची बाटली गेली होती. शाई सांडेल म्हणून मी फोनवर कुरकुरले, तर म्हणाले, "चाळीस वर्षांत नाही सांडली." मार्चमध्ये विमानं बंद झाली. "थांबू," बाबा म्हणाले. "घर काही पळून जात नाही." ती भरलेली बॅग कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कपाटाशेजारी तशीच उभी राहिली. जूनमध्ये त्यांनी तिच्यातून फक्त शाई आणि पेनं बाहेर काढली. एरवी बाबा सहजी धीर सोडणारे नव्हते.

बाबा आर्किटेक्ट नव्हते. आर्किटेक्ट लोकांसाठी ते चित्रं काढत. नकाशा तयार असायचा, जागेवर नुसता खड्डा असायचा आणि बाबा ती इमारत बांधून झाल्यासारखी काढून द्यायचे. खिडक्या, कठडे, गच्चीवरची टाकी, पुढ्यात पूर्ण वाढलेला गुलमोहर. रंगाचं नाव नाही, नुसती काळी शाई आणि रेघा. सावली असेल तिथे रेघा दाट, ऊन असेल तिथे कागद कोरा. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्या मी आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाहिल्या आणि मग रस्त्यावर. रस्त्यावरच्यांना गुलमोहर नसायचा, एवढाच फरक.

सगळं झालं की शेवटी ते एक माणूस काढत. त्याला ते मापाचा माणूस म्हणत. इमारत केवढी आहे ते नुसत्या इमारतीकडे बघून कळत नाही, शेजारी माणूस उभा केला की कळतं. हा माणूस कायम पाच फूट आठ इंच, पाठमोरा, हातात कधी पिशवी तर कधी छत्री. लहानपणी मी विचारलं होतं, "याला तोंड का नाही काढत तुम्ही?"

"तो इमारत बघायला आलाय," बाबा म्हणाले. "आपल्याकडे कशाला बघेल?"

मी आर्किटेक्ट झाले ती त्या टेबलामुळे आणि मेलबर्नला आले ती नवऱ्याच्या, समीरच्या नोकरीमुळे. आई जाऊन आठ वर्षं झाली होती, मी एकुलती एक. इथे जुन्या इमारतींची निगा कशी राखावी ते सांगणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी काम करते. त्या वर्षी ऑफिसला कुलूप लागलं आणि काम घरी आलं. अभ्यासाची खोली समीरने बळकावली, अकरा वर्षांच्या इराची शाळा जेवणाच्या टेबलावर भरू लागली, मला इस्त्रीचं टेबल मिळालं. त्यावर लॅपटॉप ठेवून मी एका इंग्रज चित्रकाराची चित्रं बघत बसे. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांतला हा माणूस. निसर्गदृश्यं आणि इमारती काढून देणं हा त्याचा धंदा. छाती कमजोर म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी त्याला बोटीत बसवून इकडच्या कोरड्या हवेत पाठवलेलं. इथे तो साप्ताहिकांसाठी आणि आर्किटेक्ट लोकांसाठी चित्रं काढू लागला. पश्चिमेच्या माळावरच्या दगडी हवेल्या, चर्चं, बँका, नदीवरचे पूल. सही फक्त दोन अक्षरांची, एच. एल. याहून जास्त त्याच्याबद्दल आमच्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याची चित्रं स्कॅन होऊन आली होती आणि प्रत्येकाखाली चित्रात काय दिसतं, कागदाची अवस्था कशी आहे, काही चूक आहे का, हे मला लिहायचं होतं. चुकीसाठी वेगळा रकाना होता.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना तो माणूस भलताच आवडला. "म्हणजे माझ्याच धंद्यातला," ते म्हणाले. "आणि छातीचाही जोडीदार." बाबांना दमा होता. "रेघ कशी मारतो गं? एका दमात, की तोडून तोडून?"

"एका दमात. पण लांब रेघ शेवटी थोडी थरथरते."

"थंडी असणार खोलीत," बाबा म्हणाले. "इमारती जागेवर जाऊन काढायचे का तुझे एलसाहेब?"

"पुष्कळशा नाही. नुसत्या नकाशावरून, शहरातल्या खोलीत बसून. बांधून व्हायच्या आधीच चित्र छापून यायचं."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "मी तुझं घर काढतो. तू मापं सांग."

फोटो पाठवते म्हटलं तर नको म्हणाले. "फोटोवरून काढायचं, तर मग भिंतीवर फोटोच लाव की." घराचा ताबा मिळाला त्या दिवशीचा एकच फोटो त्यांनी पाहिला होता, भरल्या आभाळाखालचा, कळकट. व्हिडिओ कॉलवर त्यांना आमची नाकंच दिसत. मोबाईलचं भिंग सगळं फुगवतं, त्याच्यावर विश्वास ठेवून काम करायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पावलांवर विश्वास ठेवायचा.

त्या हिवाळ्यात आम्हाला दिवसातून एक तास चालायला बाहेर पडायची मुभा होती, तीही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. मी साडेचारला निघे, तेव्हा पुण्यात बारा वाजलेले असत. बागेतले झोके वर गुंडाळून पट्ट्यांनी बांधून टाकले होते. स्टेशनावरून गाड्या वेळेवर सुटत आणि त्यांत कोणी बसलेलं नसे. नव्या वस्तीतली सगळी झाडं काठ्यांना बांधलेली, माझ्या कमरेइतकी. मास्कच्या आत ओलसर श्वास आणि कानात बाबा.

"पत्रपेटीपासून दारापर्यंत किती पावलं?"

"दहा."

"कोणाची? तुझी की समीरची?"

"माझी."

"तुझं पाऊल चौदाव्या वर्षी बावीस इंचांचं होतं. आता मोजून सांग."

मी इराचा खडू घेऊन ड्राइव्हवेवर रेघा ओढल्या आणि स्वतःचं पाऊल मोजलं. सत्तावीस इंच भरलं. समोरच्या घरातली गुरप्रीत कचऱ्याचा डबा ओढता ओढता थांबली. "दीदी, घर बेच रहे हो क्या?"

"नहीं, पापा को भेज रही हूँ."

तिने मान डोलावली. त्या दिवसांत कोणी कशाचं नवल करत नव्हतं.

बाबांचे प्रश्न संपत नसत. विटेची उंची किती, छपराचा उतार किती, पन्हाळ कुठून खाली येते. फाटक नाही हे त्यांना काही केल्या पटेना. "मग माणसाला आपण आत आलो हे कळायचं कसं?"

"पत्रपेटी ओलांडली की आत, बाबा."

"उंची सांग तिची."

"एकशेदहा सेंटिमीटर."

"आणि जमीन कसली आहे?"

मी सांगितलं, काळा दगड. इथला सगळा माळ जुन्या लाव्हाचा. मेंढ्यांसाठी नुसते दगड रचून केलेले गडगे अजून रस्त्याकडेला उभे आहेत. एलसाहेबांच्या हवेल्याही त्याच दगडाच्या. "म्हणजे आपलाच कातळ की," बाबा म्हणाले आणि त्यांना फार बरं वाटलेलं आवाजातून कळलं. "मग मला तिथे परकं नाही वाटायचं."

एकदा त्यांनी विचारलं, "घराचं तोंड कुठे?"

"उत्तरेला."

"अरेरे. म्हणजे पुढच्या व्हरांड्यात ऊन नाही."

माझा तास संपत आला होता, घराकडे लगबग चालले होते. मी म्हटलं, "येतं हो बाबा, भरपूर येतं."

"बापाची समजूत घालू नकोस," बाबा हसले. मीही हसून सोडून दिलं. तिथेच थांबून नीट सांगायला हवं होतं.

बाकीचा दिवस जीव मुठीत धरून जायचा. अकराच्या सुमारास टीव्हीवर आकडे यायचे, मग पुण्यातले आकडे मी मोबाईलवर शोधायचे. इथून बाहेर जायचं तर सरकारची परवानगी लागणार, तिथून इकडे येणं तर बंदच. बाबांना काही झालं तर मी पोचू शकणार नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. आम्ही ते बोललो नाही. त्याऐवजी आम्ही पन्हाळीबद्दल बोलायचो. त्यांच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे गेलं होतं. मी काळजी केली तर म्हणायचे, "पर्स्पेक्टिव्ह एका डोळ्यानेच बरोबर दिसतं. दोन डोळे एकमेकांना फसवतात."

जिवाची इतकी उलघाल असताना माणूस एखाद्या फुटकळ गोष्टीत जीव रमवतो. मी एलसाहेबांच्या चुका शोधायला लागले. आणि ऑगस्टच्या मध्यावर मला एक मोठी चूक सापडली. एका हवेलीचं साप्ताहिकात छापून आलेलं चित्र होतं, त्याने इथे आल्याआल्याच काढलेलं असावं. नकाशात हवेलीचं तोंड उत्तरेला होतं, आणि चित्रात तिचा दर्शनी व्हरांडा काळोखात बुडालेला, घराची सावली पुढच्या हिरवळीवर लांब पडलेली. इंग्लंडमध्ये तसंच पडतं. तिथे सूर्य दक्षिणेच्या आभाळातून जातो, उत्तरेची भिंत थंड राहते. इथे पृथ्वीच्या खालच्या अंगाला सगळं उलटं. सूर्य उत्तरेकडून जातो आणि उत्तरेचा व्हरांडा हिवाळाभर उन्हात असतो. बिचारा येताना इंग्लंडचा सूर्य बरोबर घेऊन आला होता. पुढे त्याच चित्राचा शाईचा मूळ कागद होता, छापून आल्यावर दुरुस्त केलेला. समासात कोणीतरी पेन्सिलीने उत्तरेचा बाण काढून त्याच्या टोकाशी सूर्याचं वर्तुळ केलं होतं, आणि व्हरांड्यावरची सगळी शाई पात्याने खरवडून काढलेली स्कॅनमध्येही दिसत होती. मी चुकीच्या रकान्यात ऐसपैस परिच्छेद लिहिला. माझी वरिष्ठ हेलन स्क्रीनवरून म्हणाली, "गुड पिक-अप, अनू." मला फारच शहाणी असल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी बाबांच्या चित्राचा फोटो आला.

बाबांना फोटो काढून पाठवायला जमत नसे. वरच्या मजल्यावरच्या देवधरकाकू त्यांचा डबा दारात ठेवायला येत, त्यांनी काढला होता. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात काकूंचा अंगठा होता. बाकी सगळं घर होतं. विटा, छपराचा उतार, पन्हाळ, काठीला बांधलेलं झाड, सगळं मी सांगितल्याप्रमाणे, आणि मी न सांगितलेलंही थोडं. आणि घराचा सगळा दर्शनी भाग काळा. दारावर, खिडक्यांवर, व्हरांड्यात दाट रेघा. घराची सावली पुढच्या गवतावर पडलेली.

ऑफिसातला आवाज अजून माझ्या तोंडात होता. फोन लावला आणि म्हटलं, "बाबा, हे सगळं उलटं झालंय. सूर्य इथे उत्तरेला असतो. दक्षिण गोलार्धात राहते मी. तुम्ही माझं घर कोथरूडला नेऊन ठेवलंत." आणि वर हसले. आज सकाळीच एलसाहेबांची हीच चूक धरली, तो बिचारा खरवडत बसला असेल, हेही सांगितलं.

मग बाबा म्हणाले, "असं का. बरं."

चाळीस वर्षांत बाबांच्या चित्राला कोणी चुकीचं म्हटलं नव्हतं. दीड महिना एका डोळ्याने त्यांनी त्या रेघा मारल्या होत्या. चित्र छान झालंय, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं आणि तेच राहून गेलं. फोन ठेवल्यावर हे लक्षात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. परत लावला नाही. उद्या बोलू म्हटलं.

दोन दिवस त्यांनी चित्राचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या बाराच्या सुमारास त्यांचाच फोन आला, तिकडे पुरते आठही वाजले नव्हते. "इराला बाहेर बोलाव आणि एक फूटपट्टी घे."

इरा क्लास म्यूट करून मोज्यांवरच बाहेर आली. पट्टी ड्राइव्हवेवर उभी धरली, ऊन लख्ख होतं. "तीस सेंटिमीटरची पट्टी," मी म्हटलं. "सावली किती गं, इरा?"

"थर्टी-एट."

"कुठल्या बाजूला पडलीय?" बाबांनी विचारलं.

"टुवर्ड्स द हाउस, आजोबा."

"घराकडे," बाबा स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे माणूस दाराकडे चालला की सावली त्याच्या पुढे. वा." मग मला म्हणाले, "आपल्याकडेही मेपासून जुलैपर्यंत दुपारी तो थोडा उत्तरेला सरकतोच. पावसाळ्यात सावल्या दिसतात कुठे, म्हणून विसरायला होतं. मी विसरायला नको होतं."

"राहू द्या ना बाबा आता," मी म्हटलं. मला म्हणायचं होतं की आहे तेच मला हवंय. पण ते तसं ऐकू गेलं नसावं.

"तुझ्या एलसाहेबांनी खरवडलं, मग मी काय हात बांधून बसू? चुकीचं चित्र हातातून द्यायचं नसतं."

मग महिनाभर ते खरवडत होते. दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं, निम्मं पातं बोटांत धरायचं आणि कागदाला भोक न पाडता शाई उचलायची. लहानपणी मी हे ट्रेसिंग पेपरवर पाहिलं होतं. चिंगळी साफ करणाऱ्या बाईच्या हाताला जी घाई नसते, तीच त्या हाताला नसायची. रोज दोन इंच, असं ते मला सांगत. दार मोकळं झालं. खिडकी झाली. मी ओढ्याकाठाने चालत असे, वॉटल पिवळेजर्द झालेले असत आणि कानात बाबा धापा टाकत सांगत की आज तुझ्या व्हरांड्यात ऊन आलं. त्या दिवसांत मला खरोखरच वाटायचं की हे पुरं झालं की सगळं ठीक होईल. का ते विचारू नका. भीतीला तर्क नसतो.

सप्टेंबरच्या एका दुपारी ते म्हणाले, "घर झालं. गवत झालं. आता झाड, पत्रपेटी आणि माणूस, एवढंच राहिलं. परवापर्यंत होईल."

परवाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. त्याच्या पुढच्या दिवशी ऍम्ब्युलन्स. देवधरकाकूंनी गॅलरीतून पाहिलं. बाबा जिना उतरून स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत गेले, हातात चाकांची बॅग. काकूंनी वरून विचारलं, "इतक्यात बॅग कधी भरलीत?" तर म्हणाले, "भरलेलीच होती."

पाच दिवस. बोलता येत नव्हतं, नळी होती. मी परवानगीचा अर्ज भरायला बसले, कागद गोळा करत होते. अर्ज अर्धा झाला होता तेव्हा फोन आला. मी अर्ज तसाच मिटवला. पुण्यात कोणालाही त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही, पालिकेच्या माणसांनी सगळं उरकलं. इथे माझ्याही दारात कोणी येऊ शकत नव्हतं. गुरप्रीतने पत्रपेटीवर दाल-चावलचा डबा ठेवला आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन हात जोडून उभी राहिली. मी व्हरांड्यात उभी होते. ऊन होतं, माझ्या पायांवर पडलं होतं. बाबांना वाटलं होतं इथे ऊन नसेल.

काकूंनी चित्र गुंडाळीत घालून पाठवलं, तेही त्यांना पोस्टात जाता यायला लागल्यावर. बोटीने आलं की कशाने, कोण जाणे. ते माझ्या हातात पडलं तेव्हा पुन्हा हिवाळा होता, पुन्हा लॉकडाउन होता आणि वॉटलला कळ्या धरल्या होत्या. मी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

घर उन्हात होतं. व्हरांडा कोराकरकरीत, छपराच्या कडेची तेवढी एक पट्टी भिंतीवर पडलेली, जशी माझ्या डोळ्यांसमोर रोज बाराला पडते. काठीला बांधलेल्या झाडाची सावली घराकडे. पत्रपेटीची सावली घराकडे. एक रेघ चुकली नव्हती. काकूंच्या अंगठ्याखाली जो कोपरा झाकला गेला होता, तिथे पत्रपेटीशेजारी मापाचा माणूस उभा होता, पाठमोरा, घराकडे बघत. डोक्याला मफलर. हातात नेहमीची पिशवी किंवा छत्री नव्हती, चाकांची बॅग होती.

मी पट्टी आणली. कागदावर पत्रपेटी बावीस मिलिमीटर, माणूस साडेबत्तीस. पत्रपेटी एकशेदहा सेंटिमीटर, तर माणूस किती? मी दोनदा गुणाकार केला. पाच फूट चार इंच. बाबांची उंची. चाळीस वर्षं पाच फूट आठ इंचांचा माणूस काढणाऱ्याने या एका चित्रात चार इंच कमी केले होते.

आणि त्या माणसाची सावली घराकडे पडली नव्हती. ती मागे, रस्त्याकडे पडली होती. पहिल्या चित्रात सगळ्यांची पडली होती तशी, पुण्याच्या उन्हातली.

मी कागद खिडकीशी नेऊन तिरका धरला. पात्याने खरवडलं की कागदाला बारीक लव उठते, उजेडात ती दिसते. भिंतीवर होती, गवतावर होती, झाडाखाली होती, पत्रपेटीखाली होती. माणसाच्या पायांशी कागद गुळगुळीत होता. पातं तिथे टेकलंसुद्धा नव्हतं. ताप चढायला लागला म्हणून राहिलं असेल. त्या डोळ्याला ते दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल आणि त्यांनी पेन खाली ठेवलं असेल, कारण तो माणूस कुठल्या उन्हात उभा आहे हे त्यांना बरोबर माहीत होतं. मला आजवर ठरवता आलेलं नाही आणि विचारायला आता कोणी नाही. मी टेबलाशी बसून खूप रडले आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, चित्र छान झालंय."

पुढे ऑफिस उघडलं तेव्हा मी हेलनला विचारून एलसाहेबांच्या त्या पहिल्या चित्रापुढचा चुकीच्या रकान्यातला माझा परिच्छेद काढून टाकला. ती म्हणाली, "बट इट इज राँग, अनू." मी म्हटलं, हो, आहे. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "लीव्ह इट ब्लँक देन. नो वरीज." तो रकाना रिकामा आहे.

बाबांचं चित्र आमच्या पुढच्या दाराशेजारच्या भिंतीवर आहे. शेजारच्या वेरिबी गावातल्या फ्रेमवाल्याने ती सावली नीट करून देऊ का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हटलं. काठीला बांधलेलं खरं झाड आता छपराच्या वर गेलंय. इरा सोळा वर्षांची आहे. इतकी वर्षं त्या चित्रापुढून ये-जा करून तिला ते कधी दिसलं नव्हतं, आणि परवाच्या रविवारी बूट घालता घालता ती मान वाकडी करून थांबली.

"मम्मा, दॅट गाय्ज शॅडो इज राँग. बाकी सगळ्यांची घराकडे आहे."

"आजोबा आहेत ते," मी म्हटलं. "राँग नाही गं. ते अजून पोचायचेत."

पट्टीची सावली इरानेच मोजली होती, तिला सांगायला लागलं नाही. बुटांच्या नाड्या बांधून ती बाहेर पडली आणि जाताना पुढचं दार सताड उघडं ठेवून गेली. हिवाळ्यात दार उघडं राहिलं की मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी मी ते लावलं नाही.